‘अथवा अन्य मार्गाने’

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझा आवाज जरा बिचकतो. सुट्टीत एखादे नाव हमखास गळते. काही वर्षांपूर्वी असेच एक गळले. पाचवीतली मुलगी, गणितात चलाख, अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखे. आठ दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेलो. वडील ओसरीवर बसले होते. ‘‘गुरुजी, आम्ही आता तिला घरीच शिकवतो,’’ ते म्हणाले. एवढ्यात पोर दाराशी आली. कडेवर धाकटा भाऊ, हात पिठाने माखलेले. मी पाणी प्यालो आणि परत आलो. हजेरीपटावर तिच्या नावापुढे काय लिहावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

‘घरीच शिकवतो’ या शब्दांचा मागोवा घेण्याचा नाद मला तेव्हापासून लागला. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबलेले; तेव्हा विद्वानांनी उणेदुणे पोटात घालावे. मागोवा घेता घेता मी पोचलो तो थेट इंग्लंडात. त्याला कारणही तसेच आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते बेतताना त्यांच्यासमोर इंग्लंडचे १८७० आणि १८७६ चे कायदे होते.

त्या १८७० च्या कायद्यात एक मौजेचे कलम आहे. मूल शाळेत न येण्याची जी रास्त कारणे त्यात सांगितली, त्यांत आजारपणाच्या जोडीला हेही होते, की मुलाला दुसऱ्या एखाद्या रीतीने पुरेसे शिक्षण मिळत आहे. ज्यांच्या दाराशी शिकवणीचे मास्तर येत, त्यांची सोय त्यात पाहिली असावी, असा माझा आपला कयास. गोखले इकडे झगडत होते, त्याच १९११ साली तिकडे वरिष्ठ न्यायालयापुढे घरी शिकणाऱ्या मुलाचा एक खटला आला. सरकारी शाळेचे माप घरच्या शिक्षणाला लावता येणार नाही. ते पुरेसे आहे की नाही हे मॅजिस्ट्रेटने पुरावा पाहून ठरवावे, असा निवाडा झाला. गोखल्यांचे विधेयक मात्र पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. तिकडे शाळा चुकवण्याच्या हक्काची बूज राखली जात होती आणि इकडे आमच्या पोरांना शाळेचा हक्कच मिळेना!

पुढे १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, इंग्लंडने नवा शिक्षणकायदा केला. त्याचे ३६ वे कलम सांगते, की मुलाला वय, कुवत आणि कल यांना साजेसे पूर्ण वेळ शिक्षण मिळवून देणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते शाळेत नियमित पाठवून ‘अथवा अन्य मार्गाने’. इंग्रजीत हे दोनच शब्द आहेत: ऑर अदरवाइज. जाता जाता टाकावेत तसे टाकलेले. पण पुढची ऐंशी वर्षे भांडण पेटले ते याच दोन शब्दांवरून.

त्यांवर पहिल्याने घर बांधले ते नॉर्फोक परगण्यातल्या जॉय बेकर या बाईंनी. १९५२ च्या सुमारास त्यांनी मुलांना शाळेत धाडायचे नाकारले. त्या काही शिक्षिका नव्हत्या, की श्रीमंतही नव्हत्या. खटल्यामागून खटले झाले. दहा-एक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर त्यांचे म्हणणे मान्य झाले, आणि १९६४ साली त्यांनी ती हकीकत ‘चिल्ड्रेन इन चॅन्सरी’ या पुस्तकात लिहिली. मी मास्तर असूनही या बाईंचा मला अभिमान वाटतो. एकटीने सरकारशी असे भांडायचे, तर आपल्या मुलाकडे रोज पाहिलेले असावे लागते. पुढे १९७७ साली अशा मूठभर आईबापांनी संस्था काढली. तिचे नावच त्यांनी ‘एज्युकेशन अदरवाइज’ ठेवले. १९८० साली न्यायालयाने असेही सांगितले, की शिक्षणखात्याने विचारणा केली तर उत्तर द्यायला पालक कायद्याने बांधलेला नाही. मात्र तो गप्प बसला, तर खाते त्यावरून काय समजायचे ते समजेल.

इथवर प्रश्न शिक्षणाचा होता. नंतर तो मुलाच्या सुरक्षिततेचा झाला, आणि सगळा रंगच पालटला. २००८ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅम शहरात सात वर्षांची एक मुलगी घरात उपासमारीने मेली. काही महिन्यांपूर्वीच तिचे नाव शाळेतून काढले होते. कारण सांगितले होते, घरी शिकवतो. देश हादरला. २००९ च्या जूनमध्ये ग्रॅहम बॅडमन यांनी सरकारला अहवाल दिला: घरी शिकणाऱ्या मुलांची दरवर्षी नोंदणी व्हावी, अधिकाऱ्याला घरात जाता यावे, मुलाशी एकट्याने बोलता यावे.

हे शेवटचे वाक्य त्या कुटुंबांच्या जिव्हारी लागले. आम्ही मुलांना शिकवतो म्हणून आमच्यावर संशय? बर्मिंगहॅमच्या त्या दारापर्यंत अधिकारी गेलेच होते. हातचे अधिकार वापरले नाहीत, त्याला आम्ही काय करावे? त्यांनी खासदारांना पत्रे लिहिली, चौकशी समितीपुढे म्हणणे मांडले. डिसेंबरात एकाच संध्याकाळी कितीतरी खासदारांनी आपापल्या भागातल्या कुटुंबांच्या याचिका सभागृहात सादर केल्या. निवडणूक तोंडावर आली आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने ती कलमे गाळली. घरे जिंकली.

जिंकली खरी, पण २०२३ मध्ये सरे परगण्यात दहा वर्षांच्या एका मुलीला बापाने आणि सावत्र आईने छळून मारले. तिलाही एप्रिलमध्ये घरी शिकवण्याच्या नावाखाली शाळेतून काढले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्या दोघांना शिक्षा झाली, आणि त्याच आठवड्यात शाळेबाहेरच्या मुलांच्या सक्तीच्या नोंदणीचे नवे विधेयक पार्लमेंटात आले. त्या वर्षीच्या सरकारी अंदाजाप्रमाणे इंग्लंडात घरी शिकणारी मुले होती १ लाख ११ हजार ७००. त्यांतली बहुतेक आपल्या आईबापांपाशी सुखाने शिकत असतील, हे मी मनापासून मानतो. पण नोंद करू नका असे मला म्हणवत नाही. मी पीठ लागलेले हात पाहिलेले आहेत.

आपल्याकडे घरच्या शाळेची थोरवी मला ठाऊक नाही असे नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले त्यांच्या आईने. रमाबाई रानड्यांना धडे दिले न्यायमूर्तींनी. पण त्या घरांत पोथ्या होत्या, पुस्तके होती. ज्या घरांत नव्हती, त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती केली, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आपला २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवतो, पण ते न करणाऱ्याला दंड सांगत नाही. आणि ‘अथवा अन्य मार्गाने’ हे शब्दही त्या कलमात नाहीत.

त्या मुलीचे नाव मी कमी केले नाही. महिन्याभराने गणिताचे पुस्तक घेऊन पुन्हा तिच्या घरी गेलो. वडील कामावर गेले होते. तिने हात लुगड्याच्या फडक्याला पुसले, पुस्तक घेतले, अपूर्णांकांचे पान उघडून पाहिले. ‘‘हे झालंय माझं, गुरुजी,’’ ती म्हणाली. मग आतून भाऊ रडल्याचा आवाज आला, आणि पुस्तक काखेत धरून ती आत गेली.