दुरून डोंगर किती उंच?

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण बहुधा टोमणा मारण्यासाठी वापरतो. जवळ गेल्यावर खरे रूप कळते, असा तिचा रोख. पण जगातील अतिउंच शिखरांच्या उंचीचे जे आकडे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो, ते प्रथम काढले गेले दुरूनच. आणि ते काढणारी माणसे त्या शिखरांच्या पायथ्यालाही गेलेली नव्हती. दार्जिलिंग शहरासमोर उभ्या असलेल्या कांचनगंगेची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

भिवंडीतल्या नारपोलीत, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलाला हिमशिखर दिसते ते पुस्तकातल्या चित्रातच. त्याच्या ओळखीचा मोठा डोंगर म्हणजे नाशिककडे जाताना आसनगावजवळ दिसणारा माहुलीचा किल्ला. त्याची उंची ८५८ मीटर. असे दहा माहुली एकावर एक रचले, तरी कांचनगंगेच्या ८५८६ मीटरला सहा मीटर कमीच पडतील. हे सांगितल्यावर वर्गातील एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, “पण सर, मोजले कसे? वरून टेप सोडली होती का?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना विज्ञानाला जवळजवळ अर्धे शतक लागले.

पाहून मोजणे

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विद्वान दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो हे जगातील सर्वांत उंच शिखर मानत. भारतातील ब्रिटिश सर्वेक्षकांनी हिमालयातील धवलगिरी त्याहून खूपच उंच असल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. दूरच्या शिखरावरून येणारा प्रकाशकिरण सरळ रेषेत येत नाही. खालची हवा दाट आणि वरची विरळ असल्याने तो किंचित वाकतो, आणि शिखर आहे त्यापेक्षा वर असल्याचा भास होतो. याला आपण प्रकाशाचे अपवर्तन म्हणतो. हे वाकणे किती धरायचे, यावरच सारा वाद होता.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. दार्जिलिंगपासून कांचनगंगा सरळ रेषेत सुमारे ७४ किलोमीटर दूर आहे. एवढ्या अंतरात पृथ्वीचा पृष्ठभाग क्षितिजसमांतर रेषेच्या जवळजवळ ४३० मीटर खाली वळलेला असतो. म्हणजे गोलाई विसरली तर शिखर ४३० मीटरने ठेंगणे ठरेल, आणि अपवर्तन विसरले तर साठ-एक मीटरने उंच ठरेल. अंतर वाढले की या चुका अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. २३० किलोमीटरवरून पाहिले तर गोलाईची दुरुस्ती ४ किलोमीटरच्या वर जाते आणि अपवर्तनाची अर्ध्या किलोमीटरहून अधिक होते.

मूळ रीत मात्र शाळेतल्या त्रिकोणमितीचीच. दोन ठिकाणांमधले अंतर काटेकोर मोजायचे, दोन्हीकडून शिखराकडे पाहताना होणारे कोन घ्यायचे आणि त्रिकोण सोडवायचा. कठीण आहे ते कोन अचूक घेणे. कोनात केवळ एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तरी दार्जिलिंगहून काढलेल्या उंचीत २१-२२ मीटरचा फरक पडतो. म्हणूनच भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात कित्येक माणसांनी मिळून वाहायचे अवजड थिओडोलाइट वापरले गेले, आणि एकाच शिखराची निरीक्षणे वेगवेगळ्या ठिकाणांहून पुनःपुन्हा घेतली गेली.

पहिला नंबर गेला कसा?

त्या काळी नेपाळने सर्वेक्षकांना प्रवेश दिला नव्हता. त्यामुळे त्यांना तराईच्या दलदलीत ठाणी उभारावी लागली. तेथील हिवतापाने अनेकांचे प्राण घेतले. १८४७च्या नोव्हेंबरमध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी हिमालयाच्या पूर्व भागातून कांचनगंगेची निरीक्षणे घेतली. तोपर्यंतच्या मोजणीत कांचनगंगा धवलगिरीला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आली होती. पण त्याच वेळी वॉ यांना तिच्या पलीकडे, सुमारे १४० मैलांवर, आणखी एक टोक डोकावताना दिसले. ते बुटके वाटत होते; पण बुटके वाटणे आणि बुटके असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८४९ साली जेम्स निकल्सन यांनी तराईतील पाच ठिकाणांहून त्या टोकाची तीसहून अधिक निरीक्षणे घेतली. सर्वांत जवळचे ठाणेसुद्धा शिखरापासून १०८ मैलांवर होते. पुढचे काम गणिताचे. अपवर्तनाची दुरुस्ती, तापमान, हवेचा दाब, प्रत्येक ठाण्यावरून आलेल्या उत्तरांतील तफावत, हे सारे हाताने सोडवायचे होते. सर्वेक्षणातील मुख्य गणक राधानाथ सिकदार यांच्या देखरेखीखाली हे काम चालले. १८५२च्या सुमारास पंधराव्या क्रमांकाचे ते शिखर सर्वांत उंच असल्याचे दिसू लागले. तरीही वॉ यांनी घाई केली नाही. आणखी पडताळणी झाल्यावर १८५६ साली २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. तेच एव्हरेस्ट. कांचनगंगा २८,१५६ फुटांवर राहिली आणि पुढे के-२चे मोजमाप झाल्यावर तिसऱ्या क्रमांकावर गेली. तिचा आजचा आकडा २८,१६९ फूट आहे. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, दुरून आणि हातगणिताने काढलेल्या उत्तरात फरक निघाला तो तेरा फुटांचा!

या कथेची एक दुखरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. सर्वेक्षणाच्या कामाची एक पुस्तिका १८५१ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्या गणिती भागासाठी सिकदार यांचे ऋण प्रस्तावनेत मान्य केलेले होते. सिकदार १८७० साली वारले. १८७५च्या तिसऱ्या आवृत्तीतून हा उल्लेख गळला, आणि त्यावर त्याच काळी वृत्तपत्रातून कडक टीका झाली. ‘एव्हरेस्ट एकट्या सिकदारांनी शोधले’ असे म्हणणेही बरोबर नाही; थिओडोलाइट वाहणारे हमाल, तराईत तापाने गेलेले निरीक्षक आणि गणकांची फौज अशा साऱ्यांचे ते काम होते. पण म्हणून एखाद्याचे नाव पुसणे हे त्याहून अधिक चूक आहे. विज्ञानात आकडा जितका काटेकोर हवा, तितकीच श्रेयाची नोंदही.

जे दुरून दिसत नाही

उंची कळली, पण उंची म्हणजे डोंगर नव्हे. वर जाण्याची वाट कोठे आहे, बर्फाचे कडे कधी कोसळतात, हवा किती विरळ आहे, हे थिओडोलाइट सांगत नाही. त्यासाठी जवळच जावे लागते.

१८८३-८४च्या सुमारास रिनझिन नामग्याल या स्थानिक सर्वेक्षकाने कांचनगंगेच्या परिसराची पाहणी केली. १८९९ साली डग्लस फ्रेशफील्ड यांनी पूर्ण पर्वताला वळसा घातला. सोबतच्या व्हित्तोरिओ सेल्ला यांची छायाचित्रे पुढच्या गिर्यारोहकांना नकाशाइतकीच उपयोगी पडली. १९०५ साली यालुंग हिमनदीच्या बाजूने चढाईचा पहिला मोठा प्रयत्न झाला. त्यात हिमलोटाखाली पाशे हे स्विस गिर्यारोहक आणि तीन हमाल गाडले गेले. १९२९ आणि १९३१ साली जर्मन तुकड्या ईशान्येच्या धारेवरून झुंजल्या, पण माथा लांबच राहिला. १९३० साली बर्फाचा कडा कोसळून चेत्तन या अनुभवी शेर्पाचा मृत्यू झाला. या सर्व मोहिमांची ओझी दार्जिलिंगमध्ये येऊन राहिलेल्या शेर्पांनी वाहिली. शहराला शिखर दिसत होते. शिखराकडे जाणारे पाय याच शहराच्या वस्त्यांतून निघत होते.

अखेर चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने पुन्हा यालुंगचीच बाजू निवडली. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड, आणि दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीथर वर पोचले. पण माथ्यावर मात्र कोणीही पाय ठेवला नाही. सिक्कीमच्या लोकांसाठी हा पर्वत देवतास्वरूप आहे. त्याच्या तिबेटी नावाचा अर्थ ‘महाहिमाचे पाच खजिने’ असा सांगतात. माथ्याचा मान राखण्याचा शब्द मोहिमेने दिला होता, आणि अवघ्या काही पावलांवर थांबून तो पाळला. पुढे २००१ साली सिक्कीमने आपल्या बाजूने या शिखरावर चढाई करण्यास बंदी घातली. २०१६ साली तेथील राष्ट्रीय उद्यान निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारशाच्या यादीत आले.

ज्या ईशान्य धारेवर जर्मन तुकड्या अडल्या, ती १९७७ साली कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सेनेच्या मोहिमेने सर केली. मराठी गिर्यारोहकांनाही या पर्वताने दीर्घकाळ खुणावले. १९८८ साली मुंबईच्या ‘गिरिविहार’ संस्थेची मोहीम वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली तेथे गेली. सैन्याचे पाठबळ नसलेल्या, नोकरी-व्यवसाय सांभाळून सह्याद्रीच्या कड्यांवर तयार झालेल्या नागरिकांनी एवढ्या मोठ्या शिखराला हात घालणे, हेच तेव्हा नवे होते. माथा हाती आला नाही. त्यानंतर ३१ वर्षांनी, १५ मे २०१९ रोजी, पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक नेपाळच्या बाजूने शिखरावर पोचले. उमेश झिरपे त्यांचे नेते होते. त्याच दिवसांत कोलकात्याच्या दोन गिर्यारोहकांचा याच पर्वतावर मृत्यू झाला. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. हवामानाचे अंदाज सुधारले, साधने हलकी झाली. पण माणसाची फुप्फुसे तीच आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

दार्जिलिंगला जाणे प्रत्येकाला जमणार नाही, पण मोजणीचा अनुभव माहुलीजवळही घेता येतो. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि खडा बांधून ओळंबा करा. सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा. स्ट्रॉमधून डोंगरमाथा पाहा आणि दोरा किती अंश सरकला ते वाचा. मग माथ्याच्या दिशेने मोजून १ किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा कोन घ्या. दोन्ही कोनांचे कोटिस्पर्शक काढून त्यांच्यातील फरकाने १००० मीटरला भागले, की उभ्या जागेपासूनची उंची मिळते.

समजा, माथा आपल्यापेक्षा ७५० मीटर उंच आहे आणि आपण आधी ५, मग ४ किलोमीटरवर उभे आहोत. कोन अनुक्रमे सुमारे साडेआठ आणि साडेदहा अंशांपेक्षा किंचित अधिक येतील. आता पहिला कोन केवळ अर्ध्या अंशाने जास्त वाचला, तर उत्तर ७५०ऐवजी १०४० मीटरच्या घरात जाते. मुलांना हे आधी सांगू नये. प्रत्येक गटाने आपले उत्तर फळ्यावर लिहावे. उत्तरे जुळणार नाहीत; तेव्हा खरे उत्तर कोणते आणि ते कसे ठरवायचे, यावर वर्गात भांडण होऊ द्यावे. पुन्हा मोजावे, सरासरी घ्यावी, कोणाची चूक कोठे झाली ते शोधावे.

तराईतल्या तंबूंमध्ये आणि गणकांच्या कचेरीत वर्षानुवर्षे नेमके हेच चालले होते. पाठ्यपुस्तकातील ८५८६ हा आकडा एका ओळीत संपतो. त्याच्यामागे किती माणसे पुन्हा पुन्हा मोजत राहिली, हे ज्या मुलाने स्वतः एकदा चुकीचे मोजले आहे, त्याला वेगळे सांगावे लागत नाही.