मण्यांची चौकट : चिनी हिशोबाची कहाणी

पहिल्या इयत्तेत तारेत मणी ओवलेली पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळली असेल. पुढच्या वर्गात गेलो की ती माळ्यावर पडते. परंतु याच जातीच्या एका साधनावर चीन देशातील व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षे लाखोंचे हिशोब केले. त्याचे नाव 'सुआनपान', म्हणजे हिशोबाचे तबक.

फार पूर्वी चिनी लोक बांबूच्या काड्या मांडून गणित करीत. त्याला जागा व वेळ दोन्ही लागत. पुढे मणी आले आणि मिंग राजवटीत (1368 ते 1644) सुआनपान घरोघर पोहोचले. 1592 साली चंग दावेई यांनी या गणितावर लिहिलेला ग्रंथ चीनबरोबर जपानमध्येही वाचला गेला. जपान्यांनी पुढे मणी कमी करून आपला 'सोरोबान' बनविला.

आता रचना पाहू. लाकडी चौकटीत उभ्या दांड्या असतात व मध्ये एक आडवी पट्टी असते. प्रत्येक दांडीवर पट्टीच्या वर दोन व खाली पाच मणी. वरच्या मण्याची किंमत पाच, खालच्याची एक. मणी पट्टीला भिडला तरच तो मोजायचा. उजवीकडून एकक, दशक, शतक अशा दांड्या. ज्या दांडीचा एकही मणी पट्टीला भिडलेला नाही, ते शून्य.

समजा, 7 मध्ये 8 मिळवायचे आहेत. एककाच्या दांडीवर वरचा एक व खालचे दोन मणी पट्टीला लावा, झाले 7. आता 8 म्हणजे 10 वजा 2. म्हणून खालचे दोन मणी दूर सारा आणि दशकाच्या दांडीवर एक मणी चढवा. उत्तर 15.

वर्गात मुले 'हातचा एक' असे सहज म्हणतात. पण "हा एक म्हणजे किती?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. तो एक म्हणजे दहा, हे येथे डोळ्यांना दिसते.

एका दांडीवर पंधरापर्यंत संख्या मांडता येते. याचा उपयोग वजनाच्या हिशोबात होई, कारण चिनी 'जिन' या वजनाचे सोळा भाग होते. 1959 मध्ये तेथे दहा भाग केले गेले. आपल्याकडेही रुपयाचे आणे सोळाच. निजामाच्या हाली शिक्क्याचेही सोळाच. 1 एप्रिल 1957 पासून भारतात शंभर नवे पैसे आले. माझे आजोबा सोळा आणे एका हातावर मोजत : चार बोटे, प्रत्येकाची तीन पेरे व टोक. त्यांचा बोटांवरचा हिशोब चुकत नसे. पण सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, ते मात्र त्यांना वाचता येत नसे.

आपल्या देशात मण्यांच्या चौकटीऐवजी धूळपाटीवर अंक लिहून गणित करण्याची रीत होती. शून्यासह हे अंक अल्‌-ख्वारिज्मी यांच्यासारख्या विद्वानांच्या ग्रंथांतून दूरवर गेले. उर्दूत अंकाला आजही 'हिंदसा' म्हणतात. मणी असोत वा अंक, मर्म एकच : स्थानावरून किंमत ठरते.

यंत्रे आली म्हणून मणी हरले नाहीत. 1946 साली टोकियोत विजेवर चालणाऱ्या गणकयंत्राशी सोरोबानची स्पर्धा झाली. सोरोबान चालविणारे मात्सुझाकी 4 विरुद्ध 1 असे जिंकले. 2013 मध्ये युनेस्कोने चिनी मणीगणिताला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

हल्ली शहरांतून अबॅकसचे वर्ग चालतात. सर्वांनाच त्यांची फी परवडत नाही. पालकांना एवढेच सांगणे आहे की, एक जुनी चौकट, तारा आणि मणी एवढ्यावर हे साधन घरी तयार होते. मुलाला, आणि मुलीलाही, शेजारी बसवून किराण्याची यादी त्यावर मांडायला सांगा. मग तोच हिशोब वहीत लिहायला लावा. आजोबांचा हिशोब बोटांवरच राहिला. आपल्या मुलांचा कागदावर उतरला पाहिजे.