नव्या दवाखान्यात पहिली नोंद : केसपेपर जपायचा कोणी?

नोकरी, बदली किंवा शिक्षणाच्या निमित्ताने अनेक कुटुंबे आणि विद्यार्थी कोल्हापुरात नव्याने राहायला येतात. घर, शाळा, गॅस यांची व्यवस्था पहिल्या काही दिवसांतच लावली जाते. डॉक्टर मात्र आजार आल्यावरच शोधला जातो. अंगात ताप असताना शेजाऱ्यांनी सुचवलेल्या दवाखान्यात नंबर लावला जातो आणि नाव, वय, मोबाइल क्रमांक एवढ्या तपशिलावर नव्या रुग्णाची नोंद होते. ही नोंद सोपी असली, तरी ती किती काळ टिकते आणि कोणाच्या ताब्यात राहते, याचा विचार सहसा होत नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

यादी नव्हे, केवळ भेट

ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तेथे रहिवासी आपल्या भागातील डॉक्टरांच्या यादीत नाव नोंदवतो. त्याने गाव बदलून दुसरीकडे नाव नोंदवले, की त्याच्या आजारांची कागदपत्रे नव्या डॉक्टरांकडे पाठवली जातात. ही पद्धत त्याहूनही जुनी आहे. 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर वापरात आलेली कागदपत्रांची पाकिटे तो कायदा आणणाऱ्या लॉइड जॉर्ज यांच्याच नावाने ओळखली जातात.

आपल्याकडे अशी यादी नाही. 'फॅमिली डॉक्टर' हे नाते विश्वासाचे आहे, नोंदणीचे नाही. रुग्ण सकाळी एका डॉक्टरांकडे आणि सायंकाळी दुसऱ्यांकडे जाऊ शकतो. हे स्वातंत्र्य मोठे आहे. पण जुन्या डॉक्टरांकडची माहिती नव्या डॉक्टरांकडे आपोआप पोहोचत नाही. ती पोहोचवणारा दुवा रुग्ण स्वतःच असतो.

सीपीआरमधील नोंद

शहरातील सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात 'सीपीआर'. संस्थानकाळात ते अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय म्हणून ओळखले जाई. आज ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. जिल्ह्याबरोबरच सीमाभागातूनही रुग्ण येथे येत असल्याने बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते.

येथे पहिले काम म्हणजे खिडकीवर केसपेपर काढणे. त्यानंतर तक्रारीनुसार संबंधित विभागात पाठवले जाते. तपासण्या आणि औषधे त्याच कागदावर लिहिली जात असल्याने पुढच्या भेटीला तो सोबत असणे आवश्यक ठरते. कागद हरवला, तर मागील उपचारांचा धागाही तुटतो. एक केसपेपर किती दिवस चालतो, याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. अपघात किंवा गंभीर अवस्थेतील रुग्णाला मात्र थेट अपघात विभागात न्यावे. कागद नंतर काढता येतो.

शुल्काबाबतही गैरसमज आढळतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये त्यात येतात. सीपीआर मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असल्याने त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हते. तेथील दर खिडकीवरच विचारून घ्यावेत.

खासगी दवाखान्यातील पद्धती

राजारामपुरी, शाहूपुरीसारख्या भागांतील खासगी दवाखान्यांत नोंदीची एकच रीत नाही. काही डॉक्टर रुग्णाची फाइल स्वतःकडे ठेवून त्याला केवळ क्रमांक देतात. काही फाइल रुग्णाच्या हाती देतात. काही ठिकाणी संगणकावर नोंद होते. अनेक लहान दवाखान्यांत डॉक्टर स्वतःच औषधाच्या पुड्या देतात आणि कागद असा काही उरतच नाही.

धोका याच ठिकाणी असतो. 'दोन पांढऱ्या गोळ्या आणि एक पिवळी' एवढेच रुग्णाला आठवत असेल, तर त्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठल्यास पुढच्या डॉक्टरांना कारण शोधता येत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला ते पुन्हा दिले गेले, तर प्रकार जिवावर बेतू शकतो. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्याने दात काढण्यापूर्वी ते सांगितले नाही, तर रक्तस्राव आटोक्यात आणणे कठीण जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना काही वेदनाशामक औषधे घातक ठरतात. म्हणून पुड्या घेतल्या तरी औषधांची नावे कागदावर लिहून मागावीत. तो रुग्णाचा आगाऊपणा नव्हे.

नियम काय सांगतात?

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता लागू आहे. तिच्या जागी ऑगस्ट 2023 मध्ये आणलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनी संहिता कायम राहिली. तिच्यातील पुढील तरतुदी नव्या रुग्णाने लक्षात ठेवाव्यात.

- दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने ही कागदपत्रे मागितल्यास ती 72 तासांत द्यावी लागतात.
- डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात तसेच औषधांच्या चिठ्ठीवर नमूद करावयाचा असतो.
- प्रत्येक रुग्णाला स्वीकारण्याचे बंधन डॉक्टरांवर नाही. परंतु तातडीच्या प्रसंगी मनमानीपणे उपचार नाकारता येत नाहीत.

यातील पहिली तरतूद बारकाईने वाचण्यासारखी आहे. तीन वर्षांचे बंधन आंतररुग्णांच्या कागदपत्रांपुरते आहे. दवाखान्यात दहा मिनिटे तपासून घरी परतणाऱ्या रुग्णाच्या नोंदीसाठी त्यात तशी मुदत नाही. साहजिकच, बहुतांश लोकांच्या बहुतांश आजारांचा इतिहास त्यांच्या घरातील फाइलमध्येच टिकतो, किंवा टिकत नाही.

आयुर्वेद व होमिओपॅथीच्या व्यावसायिकांची नोंदणी स्वतंत्र परिषदांकडे असते. पाटीवरील पदवी कोणती, हे पाहून घेण्यात संकोच बाळगू नये.

'आभा' आणि 'आयुष्मान' वेगळे

27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात प्रत्येकाला 14 अंकी 'आभा' क्रमांक काढता येतो. ज्या रुग्णालयांत सोय आहे, तेथे खिडकीजवळचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून नाव-पत्त्याची माहिती पाठवता येते आणि रांगेतील वेळ वाचतो. मात्र, 'आभा' काढल्याने जुने कागद आपोआप त्यात जमा होत नाहीत. दवाखाना या यंत्रणेशी जोडलेला असावा लागतो आणि नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी रुग्णाची संमती लागते.

'आभा' म्हणजे विमा नव्हे. उपचाराच्या खर्चासाठी आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पण ते योजनेतील रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांसाठी. सर्दी-तापासाठी दवाखान्यात दिलेली फी त्यात बसत नाही. दाखल होताना शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील 'आरोग्यमित्रा'ला भेटावे. योजनेच्या चौकशीसाठी 155388 हा क्रमांक आहे.

पहिल्या भेटीची तयारी

नव्या डॉक्टरांकडे जाताना पुढील गोष्टी सोबत असाव्यात :

- सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची नावे व मात्रा; लिहिणे जमत नसल्यास गोळ्यांची रिकामी पाकिटे
- ॲलर्जी असलेल्या औषधांची नावे, ठळक अक्षरांत
- झालेल्या शस्त्रक्रिया आणि डिस्चार्ज कार्ड
- अलीकडचे रक्त, लघवी, एक्स-रे आदी अहवाल
- मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांबाबत कुटुंबाची माहिती
- लहान मुलांसाठी लसीकरणाचे कार्ड

हे सर्व कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत, मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढावीत आणि ती घरातील आणखी एका व्यक्तीकडे ठेवावीत. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसेल, तेव्हा तीच व्यक्ती डॉक्टरांसमोर उभी असते. शक्य असल्यास प्रकृती ठीक असतानाच एकदा डॉक्टरांना भेटून यावे. तपासणीची फी, दवाखान्याची वेळ, रात्री-अपरात्री कोणाकडे जायचे आणि दाखल व्हावे लागल्यास कोठे पाठवले जाईल, हे चार प्रश्न त्याच भेटीत विचारून घ्यावेत.