विमानाच्या पंखाची पुढची कड

विमान 'स्टॉल' झाले म्हणजे त्याचे इंजिन बंद पडले, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. विमानाचे नाक वर करावे तसतशी पंखाची उचल वाढत जाते. परंतु समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला, की पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते, उचल एकाएकी ओसरते आणि विमान खाली येऊ लागते. जमिनीजवळ हे घडले तर सावरण्यापुरती उंचीच हाती नसते.

१९१७ साली गुस्टाव लाखमान या जर्मन वैमानिकाचे विमान असेच कोसळले. रुग्णालयात पडल्यापडल्या त्याने विचार केला : पंखात लांबीच्या दिशेने फटी ठेवल्या तर? १९१८ मध्ये त्याने पेटंट मागितले. कचेरीने नकार दिला. फटीमुळे उचलच नाहीशी होईल, असे तिचे म्हणणे. त्या अधिकाऱ्यांना हसू नका. तुम्हाआम्हाला विचारले असते तर आपणही तेच सांगितले असते.

इकडे इंग्लंडात फ्रेडरिक हँडले पेज यांना स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली आणि १९२० मध्ये त्यांनी ती उडत्या विमानावर दाखविली. ते वृत्त वाचून लाखमानने गटिंगेनच्या प्रा. प्रांटल यांच्याकडून पवन-बोगद्यात चाचणी करविली. उचल सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली आढळली! पेटंट मिळाले. दोघांनी भांडण न करता समझोता केला, आणि १९२९ मध्ये लाखमान हँडले पेज यांच्याच कंपनीत रुजू झाला.

पुढे या फटीची झडप आपोआप उघडू लागली. कोन वाढला की हवाच तिला पुढे ओढून घेई. आपल्या हवाई दलाचे कित्येक वैमानिक ज्या टायगर मॉथ विमानावर शिकले, त्याच्या वरच्या पंखाला अशाच झडपा होत्या.

मोठ्या जेट विमानांत पुढच्या कडेचे हे भाग यंत्राने बाहेर काढावे लागतात. २० नोव्हेंबर १९७४ रोजी नैरोबीहून निघालेल्या लुफ्तान्साच्या ७४७ विमानात ते बाहेर आलेच नव्हते. विमान धावपट्टीवरून उठले, पण उंची गाठू शकले नाही. १५७ जणांपैकी ५९ जण दगावले.

मग पुढची कड जितकी सुधारावी तितके बरे, असे तुम्ही म्हणाल. तसेही नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नासा संस्थेने एका लहान विमानाच्या पंखाची कड संपूर्ण लांबीभर खाली झुकविली. स्टॉल लांबला खरा, पण एकदा झाल्यावर विमान आडव्या गिरकीत सापडू लागले, आणि ही गिरकी सुटायला फार कठीण. तोच झुकाव केवळ पंखाच्या बाहेरच्या भागाला दिला आणि मध्ये स्पष्ट पायरी ठेवली, तेव्हा विमान गिरकीत जायलाच सहसा तयार होईना. त्या पायरीपाशी उठणारा भोवरा आतल्या भागाचा स्टॉल बाहेर पसरू देत नाही. आतला पंख हवा सोडत असतानाही टोकाकडचा पंख उडत राहतो.

१९९८ मध्ये प्रमाणपत्र मिळालेल्या सिरस एसआर-२० विमानाचा पंख कधी जवळून पाहायला मिळाला, तर पुढच्या कडेवरून नजर फिरवा. ती पायरी दिसेल.