शिफारशीचे सभासद

मुंबईच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक भरली ती २२ जानेवारी १८६२ रोजी, टाउन हॉलच्या दरबार हॉलमध्ये. अध्यक्ष खुद्द गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, आणि सभासद नेमणारेही तेच. नेमलेल्यांत निम्मे तरी बिनसरकारी असावेत, एवढीच १८६१च्या कायद्याची अट. त्यामुळे सुरुवातीला जगन्नाथ शंकरशेट, सावनूरचे नवाब, सरदार माधवराव विंचूरकर असे शेठ, नवाब आणि सरदार येऊन बसले. कायद्याचा मसुदा समोर आला की त्यावर बोलायचं. सरकारला प्रश्न विचारायचा नाही, जमाखर्चावर चर्चा नाही. शंकरशेटांसारख्या शहर उभारणाऱ्या माणसाला हे तोकडं वाटलं नसेल, असं म्हणवत नाही.

१८८०नंतर तेलंग, रानडे, फिरोजशहा मेहता अशी कायदा कोळून प्यालेली मंडळी नेमली जाऊ लागली आणि सभेचा सूर बदलला.

खरी गंमत १८९२च्या कायद्याची. निवडणूक द्यायची, पण दिली असं म्हणायचं नाही! मुंबई महापालिका, विद्यापीठ, चेंबर ऑफ कॉमर्स, दख्खनचे सरदार, लोकल बोर्डं यांनी नावाची शिफारस करायची आणि गव्हर्नरनं नेमणूक करायची. कागदावर नेमणूक, व्यवहारात मतदान. प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर बोलताही येऊ लागलं. त्यावर मत मात्र देता येईना. महापालिकेतून फिरोजशहा १८९३ साली आले. १८९५ साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांतून आले टिळक. मतं बोर्डाच्या सभासदांची, सारा भरणाऱ्या कुणब्याची नव्हे. टिळक तेव्हा पुण्यात राहत होते विंचूरकर वाड्यात! सरदाराला घराण्यामुळे मिळालेली जागा त्याच्याच वाड्यातल्या भाडेकरूनं मतं मागून मिळवली. १८९७ साली राजद्रोहाखाली अटक झाली तेव्हाही ते सभासदच होते.

१८९९ साली गोखले आले. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९०१ मध्ये, पुण्याच्या बैठकीत जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला. दुष्काळानं पिचलेल्या रयतेची सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकण्या-गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा त्याचा रोख. मसुदा पुढं ढकलावा, अशी सूचना फिरोजशहांनी मांडली. सरकारी मतं जास्त, सूचना पडली. फिरोजशहा उठून बाहेर पडले. त्यांच्यामागून गोखले, गोकुळदास पारेख, भालचंद्र कृष्ण आणि दाजी खरे. उरलेल्यांनी कायदा मंजूर केला.