बडोद्यातील घर विकताना : दलालामार्फत की स्वतः?

दांडिया बाजार, रावपुरा यांसारख्या बडोद्याच्या जुन्या भागांत गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबांचे वास्तव्य आहे. पुढची पिढी गोवा, पुणे, मुंबई किंवा परदेशात स्थिरावली की मागे उरते ते कुलूपबंद घर. ते विकायचे ठरल्यावर पहिला प्रश्न पडतो तो दलाल नेमावा की स्वतःच व्यवहार करावा, हा.

दलाली ही ग्राहक शोधणे, घर दाखवणे व वाटाघाटी करणे या कामांची किंमत असते. प्रत्येक पक्षाकडून एक टक्का दलाली धरली, तर 60 लाखांच्या घरामागे विक्रेत्याचे 60 हजार रुपये जातात. मालक परगावी असेल, तर हा खर्च रास्त ठरू शकतो. मात्र शेजारी, भाडेकरू किंवा नातलगच घर घेणार असेल, तर दलालीचे प्रयोजन उरत नाही. किमतीच्या अंदाजासाठी जंत्रीवर विसंबू नये. तो मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर आहे. त्याच परिसरात अलीकडे झालेल्या विक्रीची चौकशी अधिक उपयोगी पडते.

दलाल ‘रेरा’कडे नोंदणीकृत असला म्हणजे सारे सुरक्षित, हा समजही अपुरा आहे. 2016 च्या कायद्यानुसार ही नोंदणी बंधनकारक आहे ती विकासकाच्या नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीसाठी. जुन्या घराच्या पुनर्विक्रीत विक्रेत्याचे खरे संरक्षण म्हणजे दलालाशी केलेला लेखी करार. दलालीची रक्कम, ती केव्हा देय होईल आणि कराराची मुदत या बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. विक्रीचे कुलमुखत्यारपत्र मात्र दलालाच्या नावे देऊ नये.

बडोद्यात याहून मोठी अट आहे ती 1991 च्या कायद्याची, ज्याला गुजरातीत ‘अशांत धारा’ म्हणतात. शहराचे काही भाग या कायद्याखाली अधिसूचित आहेत. तेथील स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्री स्वेच्छेने व वाजवी किमतीस होत आहे का, याची चौकशी होते. परवानगीविना झालेले हस्तांतर कायद्याने शून्यवत ठरते. मग व्यवहार दलालाने जुळवलेला असो वा मालकाने. म्हणून आपले घर अधिसूचित क्षेत्रात येते का, हे विसार स्वीकारण्यापूर्वीच तपासावे. परवानगीस लागणारा अवधी आणि ती नाकारली गेल्यास विसार परत करण्याची अट बानाखतात, म्हणजेच साठेखतात, नमूद करावी.

वडिलोपार्जित घर असल्यास सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर सर्व वारसांची नावे चढली आहेत का, हे पाहावे. एका वारसाची सही राहिली, तरी व्यवहार अडतो. विसारापोटी 20 हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. किंमत 50 लाख वा अधिक असल्यास खरेदीदार एक टक्का करकपात करतो. विक्रेता अनिवासी असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही आणि कपातही बरीच जास्त असते. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी शुल्क एक टक्का आहे. हा भार प्रथेनुसार खरेदीदार उचलतो. खरेदी महिलेच्या नावे असल्यास नोंदणी शुल्क माफ होते.

थोडक्यात, दलाल ग्राहक आणून देतो. मालकीहक्क निर्वेध करून देणे हे त्याचे काम नव्हे. ग्राहक हाताशी असेल, तर दलालीऐवजी वकिलाच्या शुल्कावर खर्च करणे शहाणपणाचे. ग्राहक नसेल, तर दलाल जरूर नेमावा. मात्र दोन्ही वाटांवर कागदपत्रांची जबाबदारी मालकाचीच राहते. घराची किंमत ठरवण्याआधी ते विकण्याचा आपला अधिकार कागदोपत्री पूर्ण आहे ना, याची खातरजमा करून घ्यावी.