कार्लाइलची शांत खोली

१८५३, लंडनमधलं चेल्सी. शेजारचे कोंबडे आणि पियानो यांना वैतागून इतिहासकार थॉमस कार्लाइलने घराच्या माथ्यावर आवाजरोधक खोली बांधायला घेतली. भिंती दुहेरी, उजेड फक्त छतातून. पैसा गेला, शांतता आलीच नाही. जवळचे आवाज थोडे दबले, तर त्यांच्याखाली झाकलेले दूरचे आवाज, नदीवरचे भोंगे, रेल्वेच्या शिट्ट्या, ऐकू यायला लागले. कोंबड्यांचा प्रश्न मिटवला तो त्याच्या बायकोने, जेनने. ती शेजाऱ्यांशी बोलली.

आज आपण फ्लॅट घेताना दुहेरी काचेच्या खिडक्या आहेत का विचारतो, मिक्सर घेताना मात्र फक्त वॉट. जाड भिंत ज्याला परवडते त्यालाच शांतता देते. कमी आवाजाचा मिक्सर भिंतीपलीकडच्यालाही देतो, फुकट.